पैसे नाकारणारा धनको आणि न्यायालयाची तिजोरी

(लहान शेतकरी व व्यावसायिक यांच्यासाठी झालेल्या कायदेविषयक अभ्यासवर्गातील भाषणाचे संपादित शब्दांकन)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा सभागृहात थोडी कुजबुज झाली. न्यायालयाने देणे ठरवून दिले, देणारा पैसे घेऊन दारात उभा आहे आणि घेणारा म्हणतो, 'मला नकोत'. असे कधी घडते काय? घडते. कर्ज बुडवणाऱ्यांच्या कथा वर्तमानपत्रांत रोज येतात. पैसे नाकारणाऱ्याची बातमी होत नाही. ती छापून येते ती थेट लिलावाच्या जाहिरातीत, आणि तीही चार ओळींत.

मी वकील नव्हे. कला शाखेचा पदवीधर, व्यवसायाने पत्रकार. त्यामुळे आज मी जे सांगणार आहे ते वकिलाच्या सल्ल्याला पर्याय म्हणून नव्हे. वकिलाकडे जाताना आपण कोणता प्रश्न विचारायचा, एवढे समजावे, ही या भाषणाची मर्यादा आहे.

प्रथम हे पाहू की, हाती येणारे धन एखादा धनको का नाकारील? लक्ष्मी चालून आली तर कोणी दार लावत नाही, असे आपण म्हणतो. पण धनको दार लावतो तेव्हा त्याला आतून आणखी मोठी लक्ष्मी दिसत असते. पहिले कारण व्याज. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ३४ प्रमाणे हुकूमनाम्यानंतरच्या काळासाठी मुद्दलावर सर्वसाधारणपणे वार्षिक सहा टक्क्यांपर्यंत व्याज देता येते. व्यवहार व्यापारी स्वरूपाचा असेल तर त्याहून अधिक, कराराच्या दरापर्यंतही. हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागण्यास बारा वर्षांची मुदत आहे. तीन लाख रुपये मुद्दल आणि सहा टक्के व्याज धरले तरी वर्षाला अठरा हजार होतात. बारा वर्षे स्वस्थ बसणाऱ्याला दोन लाख सोळा हजार घरबसल्या मिळतात. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता, त्याचे संरक्षण नाही काय, असे कोणी विचारील. थकलेले व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक वसूल करता येऊ नये, हा हिंदू विधीतील दंडक मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी मान्य केला होता हे खरे. परंतु दावा दाखल झाला की त्या नियमाचा अंमल थांबतो. पुढचे व्याज न्यायालयाच्या हुकूमावर चालते. तेव्हा दामदुपटीच्या भरवशावर हुकूमनाम्यानंतर निवांत राहता येत नाही.

दुसरे कारण याहून गंभीर, आणि ते म्हणजे जमीन. रस्त्याला लागून असलेली, पाण्याखाली आलेली किंवा गावठाणाला चिकटलेली दोन एकर जमीन ज्याच्या डोळ्यांत भरली, त्याला तीन लाखांची फेड नको असते; त्याला लिलाव हवा असतो. आदेश २१, नियम ७२ प्रमाणे दरखास्तदाराला न्यायालयाच्या स्पष्ट परवानगीवाचून लिलावात बोली लावता येत नाही. पण बोली लावणारा त्याचा मेहुणा किंवा त्याचा मुनीम असेल तर नियम त्याच्यापर्यंत सहजी पोहोचत नाही. बाकी किरकोळ कारणेही असतात. कोणाला वाढीव रकमेसाठी अपील करायचे असते आणि पैसे उचलले तर निकाल मान्य केल्यासारखे होईल अशी भीती असते. कोणाला नुसते जुने वैर धुमसत ठेवायचे असते.

कारण कोणतेही असो, देणाऱ्याची पहिली प्रतिक्रिया एकच असते. तो गावातली दोन प्रतिष्ठित माणसे घेऊन धनकोच्या घरी जातो, नोटांची पुडी पुढे ठेवतो, ती परत येते, आणि तो निश्चिंत होऊन घरी येतो: 'मी द्यायला गेलो होतो, त्यानेच घेतले नाहीत.' मंडळी, आपल्याकडची कितीतरी घरे या एका वाक्याने बुडाली आहेत. हे वाक्य नीतीच्या दृष्टीने निर्दोष आहे. कायद्याच्या दृष्टीने ते जवळजवळ निरुपयोगी आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३८ मध्ये योग्य रीतीने, योग्य वेळी, बिनशर्त देऊ केलेली गोष्ट नाकारली गेली तर देणाऱ्यावर दोष येत नाही असे म्हटले आहे. पण हुकूमनामा झाल्यावर प्रश्न वेगळा होतो. तेथे कोणत्या मार्गाने दिलेले पैसे 'दिले' म्हणून धरायचे हे संहितेने स्वतंत्रपणे लिहून ठेवले आहे. आणि मुळातली गोष्ट अशी की, धनकोने नाकारले म्हणून ऋण फिटत नाही. फार तर व्याज थांबते. मुद्दल आपल्या डोक्यावरच राहते.

येथे थोडे मागे जाऊ. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ऋणादानाचे प्रकरण आहे. आजच्या आपल्या विषयाला तेथे नेमके उत्तर सापडते. स्मृतिकारांच्या सांगण्याचा आशय असा की, ऋणको आपण घेतलेले धन परत करू लागला आणि धनको ते स्वीकारीत नसेल, तर ते मध्यस्थाच्या हाती ठेवावे. त्यानंतर त्यावर वृद्धी, म्हणजे व्याज, चढत नाही. गहाणाविषयी स्मृती आणखी कडक आहे. ऋणको पैसे घेऊन सोडवायला आला असता गहाण वस्तू न देणारा धनको चोर समजावा, असे तेथे बजावले आहे. धनको जागेवर नसेल तर त्याच्या कुटुंबियांकडे धन ठेवून ऋणकोने आपली वस्तू सोडवून घ्यावी, अशीही सोय आहे. या स्मृतीवरची मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या राजधानीत, कल्याणीस लिहिली. ते कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. या साऱ्या विषयाचा व्यासंग करायचा असेल त्याने महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा तिसरा खंड उघडावा. काणे हे स्वतः मुंबई उच्च न्यायालयात वकिली केलेले गृहस्थ. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले.

मी हे अभिमानाने सांगतो, पण त्यापुढे एक पाऊल टाकत नाही. आजच्या संहितेच्या कर्त्यांनी स्मृती पुढे ठेवून नियम लिहिला असा दावा करण्यास माझ्यापाशी आधार नाही. संहितेची घडण ब्रिटिश अमदानीतली आहे. तरीही दोन्हींतले सूत्र एकच आहे, आणि आपल्या माणसाला ते स्मृतीच्या भाषेत चटकन कळते: धनकोच्या दारात उभे राहू नका, मध्यस्थाकडे जा. आजचा मध्यस्थ म्हणजे न्यायालय.

आता संहितेकडे. आदेश २१, नियम १. १९७६ च्या दुरुस्तीने हा नियम आजच्या रूपात आला, आणि माझ्या मते ऋणकोच्या बाजूने इतका बारकाईने विचार केलेला दुसरा नियम संहितेत क्वचितच असेल. हुकूमनाम्याची रक्कम देण्याचे तीन मार्ग त्यात आहेत. एक, ज्या न्यायालयाने हुकूमनाम्याची अंमलबजावणी करायची त्या न्यायालयात भरणे. ती प्रत्यक्ष भरता येते किंवा मनीऑर्डरने अथवा बँकेमार्फत पाठवता येते. दुसरा, न्यायालयाबाहेर थेट धनकोला, पण तेही मनीऑर्डरने, बँकेमार्फत, किंवा लेखी पुरावा राहील अशा अन्य रीतीने. आणि तिसरा, हुकूमनामा करणारे न्यायालय सांगेल त्या प्रकारे.

यातल्या दुसऱ्या मार्गाला जोडलेले परंतुक मला विशेष वाटते, कारण ते जणू गावच्या पोस्टमनला विचारून लिहिले आहे. धनकोने मनीऑर्डर किंवा बँकेमार्फत आलेले पैसे नाकारले, तर ज्या दिवशी ते त्याच्यापुढे करण्यात आले त्या दिवसापासून व्याज थांबते. आणि त्याने नाकारलेही नाही, नुसते टाळले तर? पोस्टमन आला की शेतावर गेला, घरच्यांनी 'परगावी गेलेत' म्हणून सांगितले, असे आठ दिवस चालवले तर? त्याचेही उत्तर आहे. टपाल खात्याच्या किंवा बँकेच्या नेहमीच्या क्रमाने ते पैसे ज्या दिवशी त्याच्यापुढे आले असते, त्या दिवसापासून व्याज बंद.

व्यवहारात मात्र मनीऑर्डरला रकमेची मर्यादा असते, आणि पैसे न घेणारा धनको आपल्या बँक खात्याचा क्रमांक देण्याची शक्यता कमीच. म्हणून मोठ्या रकमेसाठी पहिला मार्ग, म्हणजे न्यायालयात भरणा, हाच राजमार्ग समजावा. त्यासाठी धनकोने दरखास्त दाखल केलेली असली पाहिजे असे नाही. अनेकांची अशी समजूत असते की, दरखास्त आली, बेलिफ आला, म्हणजे मग पाहू. तोवर व्याज वाढलेले असते. दरखास्त नसली तरी हुकूमनाम्यातील प्रतिवादी स्वतः अर्ज देऊन रक्कम भरू शकतो. वकिलामार्फत अर्ज द्यावा, न्यायालयाचा आदेश घ्यावा, नाझराकडे रक्कम भरावी आणि पावती जपावी.

पण पावती घेऊन घरी आलात तर काम अर्धेच झाले. नियम सांगतो की, न्यायालयात रक्कम भरल्याची नोटीस धनकोला दिली पाहिजे, आणि व्याज थांबते ते भरण्याच्या तारखेपासून नव्हे, तर ही नोटीस बजावली गेल्याच्या तारखेपासून. हा फरक इतका साधा आहे की तो नजरेतून सुटतो. पैसे जानेवारीत न्यायालयाच्या तिजोरीत पडले आणि नोटीस सप्टेंबरमध्ये पोहोचली, तर मधल्या आठ महिन्यांचे व्याज आपल्याच माथी. नोटीस न्यायालयामार्फत देता येते किंवा आपण थेट पोचपावतीसह रजिस्टर टपालाने पाठवू शकतो. यात एक नवी अडचण उद्भवली आहे. टपाल खात्याने २०२५ साली रजिस्टर टपालाची स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टात विलीन केली. संहितेतील शब्द मात्र जुनेच आहेत. म्हणून माझा आग्रह असा की, नोटीस न्यायालयामार्फत काढून घ्यावी. थोडा वेळ अधिक लागेल, पण उद्या टपालाच्या प्रकारावरून वाद घालायला कोणाला जागा राहणार नाही.

मनीऑर्डरने किंवा बँकेमार्फत पैसे पाठवताना मूळ दाव्याचा क्रमांक, पक्षकारांची नावे, दरखास्त चालू असेल तर तिचा क्रमांक, पाठवणाऱ्याचे नाव व पत्ता, आणि ती रक्कम मुद्दल, व्याज की खर्च यांपैकी कशापोटी धरायची, हे लिहिणे आवश्यक आहे. यातील शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबू या, कारण येथे लाखोंचा फरक पडतो.

समजा, मुद्दल तीन लाख, हुकूमनाम्यापर्यंत व नंतर साठलेले व्याज नव्वद हजार, दाव्याचा खर्च दहा हजार. एकूण देणे चार लाख. आपल्याजवळ तीन लाखच जमले. आपण म्हणालो, 'मुद्दल तर फेडून टाकू, व्याजाचे मागाहून पाहता येईल.' तीन लाख भरले. धनको म्हणतो, 'ठीक. यातून आधी माझे नव्वद हजार व्याज आणि दहा हजार खर्च वळता करतो.' उरले दोन लाख, ते मुद्दलात गेले. म्हणजे एक लाख मुद्दल शिल्लक, आणि त्यावर सहा टक्क्यांनी वर्षाला सहा हजार व्याज चालूच. आपल्या वहीत मुद्दल शून्य, त्याच्या वहीत एक लाख. कोणाची वही खरी? २००६ साली भूसंपादनाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने या नियमाचा सविस्तर ऊहापोह केला. भरलेली रक्कम एकूण देण्याहून कमी असेल तर धनकोला ती प्रथम व्याज व खर्चाकडे आणि उरलेली मुद्दलाकडे वळती करता येते. परंतु मुद्दलाचा जेवढा भाग त्यातून फिटला, तेवढ्यावर पुढे व्याज मागता येत नाही, असा त्याचा सारांश. म्हणून शक्य असेल तर पूर्ण देणे एकदम भरावे. त्याआधी हिशेबाचा तक्ता तारीखवार तयार करून तो अर्जासोबत न्यायालयात द्यावा. हिशेबावर वाद झाला तर तो कलम ४७ प्रमाणे अंमलबजावणी करणाऱ्या न्यायालयातच सुटतो; त्यासाठी नवा दावा लावावा लागत नाही. आणि हिशेबाला बसण्यापूर्वी हुकूमनामा स्वतः वाचावा. पुढील व्याजाचा त्यात उल्लेखच नसेल तर ते नाकारले गेले असे कायदा समजतो, आणि तरीही व्याज भरत राहणारे लोक आहेत!

आणखी एक गोष्ट. अपील केलेले असताना अंमलबजावणीला स्थगिती मिळावी म्हणून न्यायालय काही रक्कम भरायला लावते. ती रक्कम भरली म्हणजे व्याज थांबले, असे समजू नये. स्थगितीसाठी ठेवलेली रक्कम ही तारण असते, फेड नसते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली स्पष्ट केले आहे. ज्याला खरोखरच व्याज थांबवायचे असेल त्याने 'हुकूमनाम्याच्या फेडीपोटी, धनकोने उचलावी म्हणून' असे स्वच्छ शब्दांत लिहून रक्कम भरावी. 'माझ्या हक्कांना बाध न येता', 'अमुक झाल्यासच द्यावी' अशी शेपटे जोडली की तो भरणा बिनशर्त राहत नाही.

हुकूमनामा होण्याआधीही, दावा चालू असतानाच, हा मार्ग मोकळा आहे. आदेश २४ प्रमाणे प्रतिवादी आपल्या मते जेवढे देणे आहे तेवढे न्यायालयात भरू शकतो, आणि वादीला तशी नोटीस मिळाली की तेवढ्या रकमेवर पुढे व्याज मिळत नाही. थोडे देणे मान्य आणि थोडे अमान्य अशी ज्यांची स्थिती असते, त्यांच्यासाठी ही सोय मोठी आहे.

आता न्यायालयाबाहेर रोख दिलेल्या पैशांविषयी. कधी असे होते की, धनको आधी नाकारतो आणि मग गुपचूप म्हणतो, 'न्यायालयात कशाला जाता, रोख द्या, पावतीचे नंतर बघू.' या गोड बोलण्याला कधीही भुलू नये. आदेश २१, नियम २ प्रमाणे न्यायालयाबाहेरच्या फेडीची न्यायालयात नोंद झाली नाही, तर अंमलबजावणी करणारे न्यायालय तिची दखलच घेत नाही. नोंद धनकोने करून द्यायची असते. त्याने केली नाही तर ऋणकोने अर्ज करायचा, आणि त्यासाठी मुदत आहे अवघी तीस दिवसांची. लेखी पुरावा हवा, किंवा धनकोची कबुली हवी. तीस दिवस उलटले की, दिलेले पैसे दिलेच नाहीत असे समजून पुन्हा वसुली होऊ शकते. आदेश २१ खालील अर्जांना उशीर माफ करण्याची नेहमीची सवलतही नाही.

कागदाचा हा जाच आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले, आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. इतिहासात यास दख्खनचे दंगे म्हणतात. रयतेचा रोख मुख्यतः कागदांवर होता. कर्जखते आणि हुकूमनामे मागून घ्यायचे आणि जाळायचे. ज्याने ते निमूट दिले त्याच्या जिवाला सहसा धक्का लागला नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याला आपली जमीन कोठे अडकली आहे हे अचूक कळले होते. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याने न्यायाधीशाला कर्जखताच्या मागे जाऊन मूळ व्यवहाराचा हिशेब तपासण्याचा अधिकार दिला, रक्कम हप्त्यांनी देण्याची सोय केली, पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद केले, आणि पावती देणे सावकारावर बंधनकारक केले. ज्या पावतीसाठी आपल्या खापरपणजोबांच्या पिढीने एवढा संघर्ष केला, ती मागायला आज आपल्याला संकोच वाटतो, हे मला फार खुपते. 'एवढ्या वर्षांचे संबंध, पावती कशी मागायची?' असे म्हणणारा माणूस भला असतो खरा. पण दरखास्त दाखल करणाऱ्याला त्या संबंधांची आठवण आलेली नसते.

प्रकरण लिलावापर्यंत गेले असेल तर? तरीही दार बंद झालेले नसते. लिलावात बोली पक्की होण्यापूर्वी संपूर्ण देणे खर्चासह लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे ठेवले, किंवा ते न्यायालयात भरल्याचा पुरावा त्याला दाखवला, तर लिलाव थांबवावाच लागतो. हे आदेश २१, नियम ६९ मध्ये आहे. तेथे धनकोच्या होकार-नकाराचा प्रश्नच येत नाही. आणि लिलाव होऊन गेला असेल तर नियम ८९ आहे. लिलावाच्या जाहीरनाम्यात दाखवलेली धनकोची रक्कम, आणि खरेदीदारासाठी खरेदीच्या रकमेच्या पाच टक्के, असे दोन्ही साठ दिवसांच्या आत न्यायालयात भरले तर लिलाव रद्द होतो. साठ म्हणजे साठच. लिलावात गैरप्रकार झाला अशी वेगळी तक्रार केलेली असेल तर ती आधी मागे घ्यावी लागते. दोन होड्यांवर पाय ठेवता येत नाही. नातेवाइकांकडून, दागिने मोडून, जसे जमतील तसे पैसे उभे करण्यासाठी हे साठ दिवस आहेत. त्यांतले पहिले तीस सल्लामसलतीत घालवणारे लोक मी पाहिले आहेत.

बँकांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक स्वतःच तारण विकायला काढते. तेथे हुकूमनाम्याचे हे नियम लागत नाहीत. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कर्जदाराने पूर्ण देणे लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीच दिले पाहिजे, आणि ती प्रसिद्ध झाली की तारण सोडवण्याचा हक्क संपतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली म्हटले आहे. दिवाणी न्यायालयातला साठ दिवसांचा अनुभव घेऊन बँकेपुढे जाणारा माणूस तेथे फसतो.

गहाणाचा विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे; आज दोन वाक्ये. जमीन किंवा घर गहाण आहे, कर्जाची मुदत झाली आहे, आणि धनको पैसे घेऊन गहाणखत परत करीत नाही, तर दावा न लावताही मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ८३ प्रमाणे देय रक्कम न्यायालयात भरता येते. न्यायालय त्याला लेखी नोटीस काढते. पैसे उचलायचे तर त्याला गहाणखत न्यायालयात आणून द्यावे लागते, आणि ताबा त्याच्याकडे असेल तर तो सोडण्याचा आदेश होतो. भाड्याच्या घरातील मंडळींसाठी एवढेच सांगतो की, घरमालकाने भाड्याची मनीऑर्डर परत पाठवली तर ती परत आलेली मनीऑर्डर फेकू नये. थकबाकीचा दावा झालाच, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १५ प्रमाणे समन्स बजावल्यापासून नव्वद दिवसांत थकलेले भाडे, त्यावर पंधरा टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरून पुढचे भाडेही नियमित भरत राहिल्यास त्या कारणावरून घर खाली करून घेता येत नाही.

प्रश्नोत्तरांत एका शेतकरी बंधूंनी चिठ्ठी पाठवली आहे: 'वकिलाच्या फीलाच पैसे नाहीत, तर न्यायालयात अर्ज कसा करायचा?' विधिसेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, तसेच ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयाच्या आवारातच विधिसेवा समितीचे कार्यालय असते. तेथे हुकूमनाम्याची प्रत घेऊन जावे.

दुसरी चिठ्ठी अशी: 'सगळे पैसे न्यायालयात भरले, नोटीसही दिली, तरी सातबाऱ्यावर जप्तीची नोंद तशीच आहे.' पुष्कळांचे येथेच अडते. आदेश २१, नियम ५५ प्रमाणे हुकूमनाम्याची रक्कम खर्चासह न्यायालयात भरली की जप्ती उठल्याचे समजले जाते. पण तलाठ्याला ते आपोआप कळत नाही. न्यायालयाकडून फेड झाल्याची नोंद व जप्ती उठवल्याचा आदेश करून घ्यावा, त्याची प्रमाणित प्रत काढावी, ती अर्जासोबत तलाठी कार्यालयात देऊन पोच घ्यावी, फेरफार मंजूर होईपर्यंत पाठपुरावा करावा, आणि इतर हक्कांच्या रकान्यातून ती नोंद गेली आहे हे नवा सातबारा काढून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. धनकोने रक्कम उचलली की नाही, याची आपण वाट पाहायची नाही. ती न्यायालयाच्या तिजोरीत पडून आहे, ती केव्हा उचलायची हे त्याचे त्याने पाहावे.